जेवण निम्मं केलं, तरी वजन हलेना

प्रश्न : ताई, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलंय, तळलेलं पूर्ण बंद. सकाळी मोठा ग्लास संत्र्याचा ताजा रस, दुपारी फ्लेवरवालं लो-फॅट दही. तरी वजनकाटा ढिम्म! आता आणखी काय सोडू?

उत्तर : जेवण नको, आधी तो ग्लास सोडा. २५० मिली रसासाठी तीनेक संत्री पिळता. साखर साधारण २० ग्रॅम, कॅलरी शंभरावर, आणि चोथा गाळणीत. तीच संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच हात आखडेल. रस मात्र उभ्या उभ्या संपतो आणि भूक तशीच. 'साखर घातलेली नाही' म्हणून काही फरक पडत नाही. कोलाचं तर विचारूच नका: ३३० मिलीच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर, म्हणजे आठ-नऊ चमचे.

दह्याशी माझं भांडण नाही, त्याच्या फ्लेवरशी आहे. फॅट काढलं की चव उतरते, ती सावरायला बरेचदा साखर येते. डबा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर किंवा ग्लुकोज सिरप पहिल्या तिनात दिसलं, की डबा परत फळीवर. साधं दही घ्या, वर फळाच्या फोडी टाका.

दारूबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत (सहसा कुणीच लिहीत नाही!), पण घेत असाल तर तीही मोजा: एका ग्रॅम अल्कोहोलच्या ७ कॅलरी, साखरेच्या ४.

आणि रात्री पोटभर जेवा. दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना विचारून थायरॉइड तपासून घ्या.