नॅनोसेकंद लेझरने पाडलेल्या बारीक भोकांना बर (काठावर थिजलेला धातू) का येते?

तुमचा प्रश्न असा: ०.१ मिमी जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यात ५० मायक्रॉनची भोकं नॅनोसेकंद फायबर लेझरने पाडताना कडेला बर राहते, तर पॉवर वाढवावी की सरळ फेम्टोसेकंद लेझर घ्यावा?

पॉवर वाढवू नका. नॅनोसेकंद पल्समध्ये, म्हणजे काही अब्जांश सेकंद टिकणाऱ्या प्रकाशाच्या झोतात, धातू आधी वितळतो, मग त्यावरच्या वाफेचा दाब वितळलेला रस बाहेर ढकलतो. सगळा रस उडून जात नाही. उरलेला काठावर थिजतो, तीच तुमची बर. प्रत्येक पल्सची ऊर्जा वाढवली की रसही वाढतो.

माझा पहिला संशय लेन्सवर आहे. १०६४ नॅनोमीटरचा ७ मिमी रुंद बीम १६० मिमीच्या लेन्समधून गेला, तर अगदी आदर्श स्थितीतही ठिपका सुमारे ३१ मायक्रॉनचा होतो आणि प्रत्यक्षात ४० च्या आसपास जातो. एवढ्या ठिपक्याने ५० मायक्रॉनचं भोक गोल फिरवून कापायला जागाच उरत नाही. बीम एकाच जागी ठोकत राहतो. १०० मिमीची लेन्स लावली तर ठिपका पंचविशीत येतो. मात्र फोकसची खोली, म्हणजे ठिपका बारीक राहतो ते उभं अंतर, तीही घटते, तेव्हा पत्रा ताणून सपाट धरायलाच हवा. लेझरमध्ये पल्सची लांबी बदलता येत असेल तर ती सर्वात कमी ठेवा, ऊर्जा उतरवा आणि थोडा थोडा थर काढत बऱ्याच फेऱ्या मारा. वेळ जास्त लागेल, पण भोक नक्की सुधारेल.

आता फेम्टोसेकंद, म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन पुढे सरकतो. तेवढ्यात ऊर्जा धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी घेतलेली असते. ती अणूंच्या जाळीपर्यंत पोचायला काही पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात आणि तोवर पल्स संपलेला असतो. त्यामुळे फार थोडा धातू वितळतो. असे पल्स जोरकस करता येतात ते डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे: पल्स आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा आवळायचा. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता. मला हे काम विलक्षण सुंदर वाटतं.

पण महाग लेझर आणला म्हणून आच आपोआप जात नाही. सेकंदाला लाखो पल्स एकाच जागी पडले तर प्रत्येकाची उरलेली उष्णता साठत जाते आणि स्टील पुन्हा वितळतं. स्कॅनर वेगाने फिरवून पल्स पसरवावे लागतात. ऊर्जेलाही मर्यादा असते: गाऊसियन बीमच्या (मध्यभागी सर्वात तीव्र आणि कडेकडे मंद होत जाणाऱ्या बीमच्या) मध्यभागी ऊर्जेची घनता धातू उडण्याच्या उंबरठ्याच्या सुमारे ७.४ पट असते तेव्हा दर जूलमागे सर्वाधिक धातू निघतो. त्यापुढची ऊर्जा बरीचशी तापवण्यातच जाते.

तुमच्या भोकांना नंतर इलेक्ट्रोपॉलिशिंग (द्रवात विजेने धातूचा पातळ थर काढणं) चालणार असेल तर नॅनोसेकंदवरच थांबा. पातळ बर त्यात निघून जाते. भोक थोडं मोठं होईल, म्हणून कापतानाच ते लहान धरा. नंतर हात लावताच येत नसेल, किंवा पुढे काचेसारखा पारदर्शक पदार्थ कापायचा असेल, तर फेम्टोसेकंदचा खर्च सार्थ आहे. कुठलाही निर्णय घेण्याआधी भोक दोन्ही बाजूंनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. वरून गोल दिसणारं भोक खाली बरंच अरुंद निघतं, आणि हा निमुळतेपणा, म्हणजे टेपर, किती आहे हे कळल्याशिवाय नुसत्या बरीवर लेझर निवडू नये.