‘कडे जाणे’ एकाच शब्दात: ग्रीनलँडिक शिकणाऱ्याला पहिला सल्ला

कलाअल्लिसुत, म्हणजे ग्रीनलँडिक भाषा, शिकायला घेतलीत, याचा मनापासून आनंद झाला. ‘अमुक ठिकाणी जाणे’ सांगणाऱ्या दिशादर्शक क्रियापदांत आपण अडखळला आहात, तर सुरुवातीला जोडणी समजून घ्या. नूक या राजधानीच्या नावाला ‘मुत’ हा प्रत्यय लागला की ‘नूम्मुत’, म्हणजे ‘नूकला’, असे रूप होते. त्याचा शेवटचा ‘त’ गाळून ‘जाणे’ या अर्थाचा ‘कार’ हा प्रत्यय जोडला आणि पुढे पुरुषाचा प्रत्यय लावला की ‘नूम्मुकार्पोक’, म्हणजे ‘तो किंवा ती नूकला जाते’, हे पूर्ण वाक्य तयार होते. ‘मी जातो’ म्हणायचे असल्यास शेवटच्या ‘पोक’ऐवजी ‘पुंगा’ लावावे. दिशांनाही हाच नियम आहे: ‘अवान्नामुकार्पोक’, उत्तरेकडे जातो.

नवख्यांच्या दोन चुका मला नेहमी दिसतात. पहिली, ‘कार’ हे स्वतंत्र क्रियापद समजून सुटे लिहिणे. तो कधीच एकटा उभा राहत नाही. दुसरी चूक अधिक चिवट आहे: इलुलिस्सात, सिसिमिउत ही गावांची नावे अनेकवचनी असल्याने तेथे ‘मुत’ऐवजी ‘नुत’ लागतो, म्हणून ‘इलुलिस्सानुकार्पोक’ हेच रूप बरोबर.

‘नूलिआर्पोक’ असेही रूप आपल्या वाचनात येईल. त्यातला ‘लिआर’ विभक्तीवर न बसता थेट नामाला लागतो आणि एखाद्या ठिकाणी जाणे, तेथवर प्रवास करणे, असा अर्थ देतो. दोहोंतील बारकावे तूर्त बाजूला ठेवा. आधी नकाशावरची पाच गावे घेऊन रोज मोठ्याने रूपे म्हणा.