अडीच वर्षांच्या मुलीसाठी शिकवणारं ॲप घ्यावं की साधी खेळणीच बरी?

साधी खेळणीच घ्या, आणि तीही ढीगभर नकोत. ॲपमधे ठोकळ्याला बोट लावलं की तो आपोआप जागेवर बसतो, वर टाळ्या पण वाजतात, खरा ठोकळा मात्र वाकडा ठेवला की धाडकन पडतो, मग ती परत ठेवणार, मोठा खाली घेणार, चिडून तुमच्याकडे बघणार, ह्यातच तर शिकणं होतं ना. भातुकली आणा, सावंतवाडीची लाकडी मिळाली तर झकासच. "आजोबांना चहा दे, साखर कमी हं" असं खेळताना पोरं जेवढं बोलतात तेवढं कुठलंच ॲप बोलायला लावत नाही.

बॅटरीवर गाणारी खेळणी शक्यतो टाळा. अमेरिकेत ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या बाळांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं (२०१५ चा अभ्यास), त्यात असली खेळणी असताना आईवडीलच कमी बोलले, सगळ्यात जास्त बोलणं पुस्तकं बघताना झालं. म्हणजे खेळणं बडबडायला लागलं की आपण गप्प!

स्क्रीन अगदीच बंद करा असं नाही म्हणत, जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास म्हणते, कमी असेल तर उत्तम. त्या वेळात शेजारी बसा, "हे काय, आपल्याकडे आहे का असं?" विचारत रहा. आजीशी व्हिडिओ कॉल बिनधास्त करा. पण घास भरवताना मोबाईल समोर धरत असाल तर आधी ते सोडवा, ॲपचं नंतर बघू.