टाका नाही म्हणजे जखम नाही, असं नसतं

या महिन्यात प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, इतकी पत्रं आलीयत की सगळी जागा त्यालाच द्यायची ठरवली. तीन पत्रं घेतलीयत, नावं छापत नाही. मी डॉक्टर नाहीये हे आधी सांगते, युरॉलॉजी वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते, त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर काय होतं त्यापेक्षा कॉटवर आणि नंतर घरी काय होतं ते मला जास्त माहितीये, आणि माणसं अडकतात ती तिथेच.

सिस्टर, माझे बाबा ७१ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. दोनतीन वर्षं झाली रात्री चार-पाच वेळा उठतात, बाथरूममध्ये बराच वेळ उभे राहतात, कुठे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद. दरवर्षी वारीला जायचे तेही बंद केलं, विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. गेल्या महिन्यात सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवी पूर्ण तुंबली, पहाटे दवाखान्यात नेऊन नळी घातली. चार दिवसांनी नळी काढून बघितली तर परत अडकली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६८ ग्रॅम आलंय. डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात. बाबा म्हणतात या वयात चिरफाड नको, नळीवरच दिवस काढतो. आम्हाला कॅन्सरचीही भीती वाटतेय. – एक मुलगी, कराड

ताई, गुडघ्याचं कारण सांगणारे काका मी किती पाहिलेत म्हणून सांगू. माणूस लग्नाला जायचं टाळतो, एसटीत बसायचं टाळतो, देवळात शेवटच्या ओळीत दाराजवळ बसतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो, बायकोलासुद्धा नाही. तेव्हा पहिलं म्हणजे बाबांना रागावू नका, की आधी का नाही सांगितलं म्हणून. लाज वाटते त्यांना.

कॅन्सरचं आधी मोकळं करते. प्रोस्टेट वाढणं आणि प्रोस्टेटचा कॅन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वाढलेल्याचा पुढे कॅन्सर होतो असं नाही. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, वय वाढतं तशी बहुतेक पुरुषांत वाढतेच, आणि लघवीची वाट तिच्या मधूनच जात असल्यामुळे ती वाट दाबली जाते. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात म्हणून डॉक्टर बोटाने तपासतात आणि पीएसए नावाची रक्ताची तपासणी करतात. एक लक्षात ठेवा, लघवी तुंबल्यावर, नळी घातल्यावर किंवा इन्फेक्शन असताना पीएसए उगाच वाढलेला येतो, त्यामुळे आत्ता आकडा जास्त दिसला तर घरात लगेच रडारड नको, तो परत कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा.

सर्दीच्या गोळीचं तुम्ही बरोबर पकडलंत. त्यातल्या काही औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं नाहीतर मूत्राशय ढिलं पडतं, आणि आधीच वाट अरुंद असली की तेवढंच निमित्त पुरतं. पण निमित्त गोळीचं असलं तरी दुखणं जुनं आहे, नळी काढल्यावर परत अडकलं यातच सगळं आलं.

आता नळीवर दिवस काढतो म्हणतात त्याबद्दल. ज्यांचं हार्ट अगदीच साथ देत नाही अशांना ठेवावी लागते, तो इलाज नसतो, नाइलाज असतो. ती दर काही आठवड्यांनी बदलावी लागते, इन्फेक्शन होत राहतं, मूत्राशयात खडे होतात, आणि पिशवी लावून माणूस घराबाहेर पडत नाही. म्हणजे ज्या कारणाने बाबांनी वारी सोडली ते कारण कायमचं गळ्यात बांधून घेण्यासारखं आहे. आणि ७१ हे काही जास्त वय नाही, आमच्या वॉर्डात ऐंशी पार केलेले लोक ऑपरेशन करून चालत घरी गेलेत. वयापेक्षा हार्ट, शुगर, किडनी कशी आहे ते बघतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ताची तपासणी, किती आलंय ते मात्र विचारून ठेवा, कारण लघवी खूप दिवस मागे तुंबत राहिली तर किडनीला सूज येते.

चिरफाड हा शब्द घरातून काढून टाका. पोट उघडत नाहीत, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत जाते. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली बधीर करतात, माणूस जागा असतो, तास-दीड तास लागतो. संत्र्याची साल तशीच ठेवून आतला गर काढावा तसं आतलं वाढलेलं मांस काढतात. जुनी पद्धत म्हणजे विजेच्या तारेच्या कडीने खरवडून तुकडे काढायचे, त्याला टीयूआरपी म्हणतात, आणि दुसरी होलेप, म्हणजे होल्मियम लेसर, त्यात अख्खा गर सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि मशीनने बारीक करून ओढून घेतात. फार मोठी ग्रंथी असेल, शंभराच्या पुढे वगैरे, तर लेसर बरं पडतं. ६८ ग्रॅमला दोन्ही चालतं, मग तुमच्या डॉक्टरांचा हात कशात जास्त बसलाय ते विचारा, नुसत्या लेसर या शब्दासाठी कर्ज काढू नका असं मी कळकळीने सांगते. दवाखाना सरकारी योजनेत असेल तर आरोग्यमित्राला (योजनेचा दवाखान्यात बसणारा मदतनीस) आधी भेटा, ऑपरेशन झाल्यावर नाही.

बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असलं काही? असेल तर ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, हार्टच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेला असला तर फारच धोक्याचं. हार्टचे डॉक्टर आणि ऑपरेशनचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं असतं ते.

ऑपरेशननंतर तीन तोंडांची नळी असते, एका तोंडाने सलाइन आत जातं आणि दुसऱ्याने धुऊन बाहेर पिशवीत येतं. पिशवीत लाल दिसतं, नातेवाईक घाबरतात, पण पाण्यात थोडं रक्त मिसळलं तरी सगळं लाल दिसतं. कलिंगडाच्या पाण्यासारखं, मग फिकट गुलाबी, मग पिवळसर, असं ते दोनेक दिवसांत उतरत जातं. तुम्ही कॉटजवळ बसणार, म्हणून सांगते की सलाइन आत जातंय पण पिशवीत काही उतरत नाहीये आणि बाबा पोटात दुखतंय म्हणतायत असं दिसलं तर त्या क्षणी सिस्टरला हाक मारा, थांबू नका, आत रक्ताची गाठ अडकलेली असते आणि ती सिरिंजने ओढून काढली की माणूस दोन मिनिटांत शांत होतो. दुसरं म्हणजे नळीच्या आतल्या टोकाला फुगा असतो, त्याच्या दाबाने सारखं वाटतं लघवीला आली, आणि काका लोक जोर लावतात. जोर लावायचा नाही, त्याने रक्त वाढतं. लांब श्वास घ्यायला लावा, कळ फारच येत असेल तर औषध असतं.

दोनतीन दिवसांनी नळी निघते. पहिल्या लघवीला आग होते, थोडं रक्त येतं, कपड्यात थेंब थेंब गळतं, आणि बाबा म्हणतील की आधी अडकत होतं आता थांबतच नाही. ही वेळ फार नाजूक असते, पुरुष माणूस इथे खचतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आटोक्यात येतं. नळी निघाल्यावर व्यायाम शिकवा, लघवी किंवा वायू अडवताना जो स्नायू आवळतो तो पाच मोजेपर्यंत आवळायचा आणि सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. रात्रीचं उठणं सगळ्यात शेवटी कमी होतं हेही आधीच सांगून ठेवा. इतकी वर्षं जोर लावून मूत्राशयाची भिंत जाड झालेली असते, तिला वेळ लागतो, आणि शुगर असेल किंवा रात्री उशिरा चहा असेल तर त्याचंही उठणं त्यात असतंच.

वारीचं तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात लिहिलंत, म्हणून सांगते. आत बरं व्हायला सहा आठवडे ते तीन महिने धरा, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तीन आठवड्यांची पायी वाट नको. ऑपरेशन आषाढीला टेकून आलं तर यंदा गाडीने जाऊन कळसाचं दर्शन घ्या. पुढच्या वर्षी पायी.

मॅडम, माझं वय ६४, दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन १६ दिवस झाले. सगळं एकदम छान होतं, धार तरुणपणीसारखी, लघवी स्वच्छ. म्हणून बाराव्या दिवसापासून दुकानात जायला लागलो, स्कूटरवर. काल सकाळी संडासला कडक झालं आणि नंतर लघवीतून लालभडक रक्त आलं, आज पण आहे. ऑपरेशन फेल गेलं का? – एक दुकानदार, लातूर

दादा, फेल गेलेलं नाही, पण तुम्ही घाई केलीत आणि त्यात तुमची चूकही नाही, कारण तुम्हाला कुणी नीट बजावलेलं दिसत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस स्कूटर काढत नाही कारण त्याला टाके दिसतात. तुमच्याकडे बाहेर काहीच नाही, पण आत जिथून मांस काढलं तिथे उघडी जखम आहे, तिच्यावर खपली धरते, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांच्या आसपास ती खपली सुटते. तेव्हा एखाददुसऱ्या दिवशी रक्त दिसणं आमच्या ओळखीचं आहे. त्यात स्कूटरचे गचके आणि कुंथणं, मग काय होणार.

काल आणि आज दोन्ही दिवस लालभडक आहे, तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. दुकान बंद, आडवे पडा, पाणी भरपूर प्या, दिवसाला दोन-अडीच लिटर, म्हणजे रक्ताच्या गाठी धरत नाहीत (हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी विचारा). रात्री इसबगोल घ्या, पपई खा, काही करून शौचाला कडक होऊ देऊ नका, ही गोष्ट लोकांना किरकोळ वाटते पण माझ्या अनुभवात घरी गेल्यावरचं निम्मं रक्त याच्यामुळेच येतं. लघवीत गाठी पडायला लागल्या, रंग टोमॅटोच्या घट्ट सॉससारखा झाला, लघवी अडकली, थंडी वाजून ताप आला किंवा अंडकोषातली गोळी सुजून दुखायला लागली तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

स्कूटर, पोती उचलणं, खराब रस्त्यावरचा रिक्षाचा प्रवास, हे सगळं सहा आठवडे बंद. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा नको. सपाट जागेवर चालणं मात्र रोज हवं. दुकानात मुलाला बसवा.

आणि एक, काढलेल्या तुकड्यांचा लॅबचा रिपोर्ट आणलात का? तो फाइलला लावून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नका. कितीतरी लोक धार सुधारली म्हणून रिपोर्ट आणायलाच जात नाहीत. संत्र्याची साल आत तशीच असते हे वर लिहिलंय, तर कॅन्सर पुढे त्या सालीत होऊ शकतो, म्हणून पीएसए किती दिवसांनी करत राहायचा तेही त्याच दिवशी विचारून घ्या.

ऑपरेशनला अडीच महिने झाले. त्रास काही नाही. पण पत्नीशी संबंध आल्यावर वीर्य बाहेर येतच नाही. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. वय ५८.

तुम्ही गाव लिहिलं नाहीत, हरकत नाही. हे ऑपरेशनमुळेच झालेलं आहे आणि हा आजार नाही. मूत्राशयाचं तोंड आता उघडं राहतं, त्यामुळे वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीबरोबर निघून जातं, त्या वेळची लघवी गढूळ दिसते. टीयूआरपी किंवा होलेप झालेल्या बहुतेक पुरुषांना हे होतं आणि सहसा कायम राहतं. शरीराला अपाय नाही, ताठरता बहुतेकांची होती तशीच राहते, सुखाची भावना राहते, काहींना थोडी वेगळी लागते. मूल हवं असणाऱ्या तरुण माणसाने मात्र हे ऑपरेशनआधी विचारायलाच हवं.

मला वाईट याचं वाटतं की हे तुम्हाला सही घेण्याआधी सांगायला पाहिजे होतं, आणि तुम्ही अडीच महिने एकट्याने मनात ठेवलंत. पत्नीला सांगा, कदाचित त्यांना वाटत असेल की चूक त्यांची आहे. ताठरतेचाही त्रास असेल तर त्याला औषध आहे, पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर दुकानातून परस्पर काही आणू नका, जीवावर बेतू शकतं.

जाता जाता ज्यांचं अजून गोळ्यांवर चाललंय त्यांच्यासाठी. टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटची गोळी घेत असाल आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा, आधी घेत होतात आणि आता बंद केलीत तरी सांगा. त्या गोळीने डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो, आधी माहीत असलं की ते तयारी ठेवतात. गोळी लघवीची, डोळ्यांना काय सांगायची, असं म्हणून लोक गप्प राहतात.