ॲनिमोन दगडाआड का गेला?

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात एक बबल टिप ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी) वर्षभर दगडाच्या माथ्यावर छान फुललेला होता, क्लाउनफिशची जोडी त्यातच असायची. गेल्या आठवड्यात जुन्या टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) काढून नवा एलईडी दिवा लावला. मला तर उजेड आधीपेक्षा कमीच वाटतो, सगळं निळंनिळं दिसतं. तरी दुसऱ्याच दिवशी ॲनिमोन आकसला आणि आता दगडामागच्या फटीत जाऊन बसलाय. रंग फिका पडलाय, तोंडातून तपकिरी धाग्यांसारखं काही बाहेर पडताना दिसलं. त्याला काढून परत वर ठेवू का? की जुना दिवाच पुन्हा लावू?

उत्तर : आधी एक करा, त्याला हात लावू नका. ॲनिमोनचा पाय दगडाला घट्ट धरून असतो आणि तो फार नाजूक असतो. ओढला की फाटतो, फाटलेली जागा चिघळते आणि दिव्याने झाला नसता एवढा घात त्या ओढाताणीने होतो. शिवाय तो फटीत हरवलेला नाही, स्वतःहून गेलाय. वरचा उजेड त्याला सोसत नाही म्हणून त्याने सावली शोधली. पुन्हा वर नेऊन ठेवलात तरी तो पुन्हा निघेल, आणि या वेळी आणखी थकलेला असेल.

आता तुमच्या ‘उजेड कमी वाटतो’ या वाक्याकडे येते, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यांत तेजस्वी दिसतो तो हिरवट-पिवळा प्रकाश, साधारण ५५५ नॅनोमीटरचा. निळा प्रकाश कितीही जोरदार असला तरी आपल्याला मंदच वाटतो. तुमच्या ॲनिमोनच्या अंगात मात्र झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं, आणि त्याला नेमका ४०० ते ५०० नॅनोमीटरमधला हा निळा प्रकाशच सर्वाधिक उपयोगी पडतो. म्हणजे जो दिवा तुम्हाला मिणमिणता वाटतो, तो त्याच्यासाठी भर दुपारचं ऊन असू शकतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपचाही इथे उपयोग नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावरूनच बेतलेलं आहे. पार मीटर, म्हणजे शेवाळाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र, मिळाला, उसना का होईना, तर तोच खरा. त्यात जुन्या टी-५ नळ्या वर्षभरात बऱ्याच मंदावतात. ॲनिमोनला त्या उतरत्या उजेडाची सवय झाली होती, त्यामुळे दिवा बदलताना पडलेला फरक तुमच्या अंदाजापेक्षा मोठा होता.

सगळ्याच ॲनिमोनना उजेड लागतो असं नाही. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत थेट १८८७ पर्यंत जगला. पण तो थंड समुद्रातला, अंगात शेवाळ नसलेला, केवळ मिळेल त्या खाण्यावर जगणारा. बबल टिपचं तसं नाही. त्याच्या पोटापाण्याचा मोठा भाग हे शेवाळच प्रकाशातून तयार करतं. उजेड एकदम वाढला की शेवाळाचं काम हाताबाहेर जातं, पेशींना इजा करणारा ऑक्सिजन तयार होऊ लागतो, आणि जीव वाचवण्यासाठी ॲनिमोन शेवाळालाच बाहेर काढतो. तुम्ही पाहिलेले तपकिरी धागे बहुधा तेच आहेत. अधूनमधून असे धागे टाकणं नेहमीचंच, पण रंग फिका पडत असताना रोज येत असतील तर उजेड आजच उतरवा.

जुना दिवा परत नको. नवाच ठेवा, पण मंद करून. तीव्रता आता आहे तिच्या निम्म्याहून खाली आणा. मीटर असेल तर माथ्याच्या दगडावर सुरुवातीला ८० ते १०० पार पुरे. दिवसाचे ८ तास उजेड द्या, जास्त नको. मग दर आठवड्याला थोडा, पाच-दहा टक्क्यांपलीकडे नाही, असा वाढवत न्या. बऱ्याच एलईडींमध्ये ‘ॲक्लिमेशन’ नावाची सोय असते, ती हेच काम आपोआप करते. दिवा मंद करता येत नसेल तर तो उंच टांगा, किंवा दिवा आणि पाणी यांच्यामध्ये खिडकीच्या जाळीचे तीन-चार थर पसरा आणि आठवड्याला एकेक काढा. शेवाळाला नव्या उजेडाप्रमाणे आपली रंगद्रव्यं कमी-जास्त करायला काही आठवडे लागतात, ते तुमच्या घाईने लवकर होणार नाही. बहुतेक बबल टिप १०० ते २०० पारच्या दरम्यान सुखात राहतात. तुमचा १५० वर खूश असेल तर आकडा गाठायचा म्हणून पुढे नेऊ नका.

वाढवल्यावर तो पुन्हा आकसला तर मागच्या पायरीवर या आणि आठवडाभर तिथेच थांबा. या काळात बाकी काही बदलू नका, आणि हे मी आग्रहाने सांगते. नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला की पाण्यातला पिवळेपणा जातो आणि निळा प्रकाश जास्त खोल उतरतो. झाकणाच्या काचेवरचं मिठाचं पांढरं किटाण पुसलं तरी तेच. दिव्याला न शिवताही उजेड वाढतो आणि माणूस म्हणतो, मी तर काहीच केलं नाही!

आणि वेव्हमेकरला, म्हणजे टँकमधलं पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाला, आज रात्रीच्या आत स्पंज किंवा जाळी बसवा. जागा शोधत फिरणारा ॲनिमोन पंपात ओढला गेला तर त्याच्या चिंधड्या होतात, आणि ते सगळं पाण्यात मिसळून माशांवरही बेततं.

तो सावरतोय की नाही हे कसं ओळखायचं? मी तोंड बघते. निरोगी ॲनिमोनचं तोंड मधोमध घट्ट मिटलेली बारीक चीर असते. ते सैल, उघडं राहून आतला भाग बाहेर आल्यासारखा दिसू लागला तर प्रकृती ठीक नाही. मग टेंटॅकलला (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या स्पर्शिकेला) कोळंबीचा बारीक तुकडा टेकवून बघा : चटकन चिकटून तोंडाकडे वळला तर अंगात जोर आहे. दिवसातून एखाद्या वेळी पाणी सोडून तो चिपाडासारखा होतो, त्याला घाबरू नका, काही तासांत पुन्हा फुगतो. टेंटॅकलच्या टोकांचे गोल फुगे जाऊन ते सरळ लांब झाले, तरी तेवढ्यावरून आजारी ठरवू नका. पाय सुटून तो पाण्यात लोळू लागला, गळू लागला, वास यायला लागला, तरच बाहेर काढायचा.

सावरला की तो आपल्या पायांनी वर येईल. कदाचित जुन्या जागी नाही, दुसऱ्याच दगडावर बसेल. बसू द्या.

प्रश्न : दुकानात पांढराशुभ्र ॲनिमोन पाहिला, फार सुंदर आहे. त्याला किती उजेड लागेल?

उत्तर : घेऊ नका. तो पांढरा जन्मतः नाही, त्याच्या अंगातलं जवळजवळ सगळं शेवाळ गेलेलं आहे. भडक पिवळा किंवा गुलाबी असेल तर बऱ्याचदा रंगात बुडवलेला असतो. घेऊन झालाच असेल तर ‘शेवाळ वाढावं’ म्हणून प्रखर दिव्याखाली ठेवू नका, उरलंसुरलंही जाईल. मंद उजेडात ठेवा, वर सांगितलं त्याहूनही सावकाश वाढवा, आणि तोवर त्याचं पोट तुम्ही भरा. मायसिस (कोळंबीसारखे इवलेसे जीव) किंवा कोळंबीचे अगदी बारीक तुकडे आठवड्यातून दोन-तीनदा द्या. मोठा घास तो तासाभराने तसाच ओकून टाकतो आणि पाणी बिघडतं. क्लाउनफिश तोंडचा घास पळवतात, म्हणून खाऊ घालताना प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती त्याच्यावर उपडी ठेवा, अरुंद तोंडातून चिमट्याने तुकडा सोडा आणि टेंटॅकल पूर्ण मिटेपर्यंत बाटली उचलू नका.