वाघाच्या फोटोआडचे गृहस्थ

“दारूसाठी मुक्तांगण आहे, तसं ह्यांना कुठे भरती करता येईल का?” समुपदेशनाला आलेल्या पुण्यातल्या एका बाईंचा प्रश्न. यजमान ५४ वर्षांचे, सहकारी बँकेत हिशेबनीस. आमटीत मीठ नसलं तरी तोंडातून शब्द नाही. रात्री मात्र तीन खोट्या खात्यांवरून अनोळखी बायकांच्या पोस्टखाली नको ते लिहीत बसतात. लेकीने एका स्क्रीनशॉटवरून ओळखलं: ‘अवलक्षणी’ म्हणणारं दुसरं कोण आहे? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

असं केंद्र नाही. असतं तर प्रवेशअर्जात नावाचे तीन रकाने लागले असते: खरं, खोटं आणि फोटोतल्या वाघाचं. भिंतीवर ‘येथे वाद घालू नये’ अशी पाटी, आणि तिच्याखाली पेन्सिलीने ‘तू कोण सांगणारा?’

‘आजार आहे’ म्हटलं की घरच्यांना हायसं वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत गेमिंगचा विकार आहे, शिवीगाळीचा नाही. मागे नैराश्य, दारू किंवा झोपेची तक्रार असेल तर ती आधी तपासायची. उरते ती सवय. आणि तिचा हिशेब कायदाही ठेवतो: नको म्हटल्यावरही पुरुषाने बाईशी पुनःपुन्हा संपर्क करणं, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पहिलं काम वहीचं. चौदा दिवस, चार रकाने: वेळ, कुणाला लिहिलं, त्याआधी काय घडलं, लिहिल्यावर काय मिळालं. पहिल्या आठवड्याची वही निकामी निघाली. सातही दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात. रविवारी रात्री बसून भरलेल्या. हे नेहमीचंच, त्यावरून बोलणी द्यायची नाहीत. वही पुन्हा सुरू. खऱ्या दोन आठवड्यांत ४१ नोंदी आल्या, बहुतेक रात्री पावणेअकरा ते सव्वाबारातल्या. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात राजकारण फारसं नव्हतंच. वयाने लहान साहेबाने चारचौघांत चूक काढली, भावाने फोन उचलला नाही, असलं काहीबाही. आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द वारंवार: ‘उत्तर’. समोरची चिडून उलट बोलली की गडी जिंकला. पोस्टवर परत परत जाऊन बघायचं ते त्यासाठी.

म्हणून आधी त्या बक्षिसाची वाट बंद केली: सूचना बंद, चार्जर उशाकडून ओट्यावर. ‘अलार्मला फोन लागतो’ ही सबब येणार हे ठरलेलं, तेव्हा घड्याळ त्याच दिवशी आणायचं. खोटी खाती कायमची काढून टाकली. इथे दोन खाचा आहेत. कुणी तक्रार केलेली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही पुसायचं नाही, तो पुरावा असतो. दुसरी, फेसबुक खातं पुसायला टाकल्यावर ३० दिवसांत निर्णय फिरवता येतो. गृहस्थ नवव्या दिवशी परत गेले.

मग त्यांच्याच एका मजकुराची चिरफाड. बससेवेवर लिहिणाऱ्या बातमीदार मुलीला उद्देशून २३ शब्द. ते सपाट आवाजात वाचायचे, मत असलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. रेघ चार शब्दांखाली आली. बाकीचे १९ तिच्या रूपावर आणि आईबापांवर. (काही जण त्या जागी लेकीचं नाव घालून वाचायला लावतात. त्याने बाप रडतो, सवय हलत नाही, आणि लेकीला उगाच मध्ये ओढलं जातं.) ते चार शब्द फुलवल्यावर वाक्य झालं: ‘शनिवारी नऊनंतर आमच्या मार्गावर बस नसते, ते बातमीत हवं होतं.’ गृहस्थ त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, “बरोबर आहे. पण असलं कोण वाचणार?” पुढची तीन सत्रं या एका प्रश्नावर गेली. घरात, कचेरीत ते शेवटचं कधी ऐकलं गेलं, इथपर्यंत.

माफीचा उमाळा पाचव्या आठवड्यात आला. सगळ्या बायकांना मेसेज पाठवायचा बेत होता. तो थांबवावा लागला, कारण त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्याच माणसाचा आणखी एक मेसेज, एवढंच ते. तक्रार नव्हती, म्हणून लिहिलेलं काढून टाकलं आणि गप्प राहिले.

बाईंना सांगितलेलं थोडकंच: फोन तपासायचा नाही, पाहुण्यांत विषय काढायचा नाही, जेवताना बँकेत काय झालं ते विचारायचं. स्वतःला असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

अकराव्या आठवड्याच्या वहीत दोन नोंदी होत्या. एक निळ्या शाईत, एक पेन्सिलीने.