झाड नक्की लाव, बटन सेल मात्र घरात नको

अगं, १५ महिन्यांची जुळी चालायला लागलीत म्हणून यंदा नाताळची सजावटच नको, असं तुझ्या सासूबाई म्हणतात आणि तुझा जीव मात्र झाडात अडकलाय. त्यांची काळजी खरी आहे. तरी मी म्हणेन, झाड लाव. माझी दोन आणि जावेची दोन, अशी चार पोरं याच वयात आमच्या गुरुवार पेठेतल्या घरात झाडाभोवती रांगली, चालली.

आधी ज्याची मला खरी भीती वाटते ते सांगते. माझी धाकटी १७ महिन्यांची असताना खऱ्या ज्योतीपेक्षा बऱ्या म्हणून कॅम्पातून बॅटरीवर लुकलुकणाऱ्या ६ मेणबत्त्या आणल्या होत्या. २३ डिसेंबरच्या रात्री तिच्या मुठीत एका मेणबत्तीचं खालचं झाकण दिसलं. त्याला स्क्रू नव्हता, नखाने निघत होतं. मेणबत्त्या सहा, सेल पाचच. सोफा उलटा केला, पलंगाखाली झाडू फिरवला, सहावा सापडेना. पोर हसत-खेळत होती, तरी तशीच रिक्षात घातली आणि एक्स-रे काढला. घसा, छाती, पोट, कुठेच काही नव्हतं. सेल दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेत सापडला. ती रात्र मी आजही विसरलेले नाही.

तो चपटा, २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्यातून करंट वाहतो, तिथे जहाल अल्कली तयार होतो आणि २ तासांत आतून भाजायला सुरुवात होते. वापरून संपलेल्या सेलमध्येही तेवढी ताकद उरते. लाळ गळणं, खोकला, खायला नको म्हणणं, एवढंच दिसतं. कधी तेही दिसत नाही. त्यामुळे नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. उलटी काढायची नाही. मूल वर्षाच्या वरचं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त ६ वेळा. घरात मध नसेल तर तो शोधत बसायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. सासूबाईंनाही हे सांगून ठेव, दुपारी मुलं त्यांच्यापाशी असतात म्हणालीस ना.

म्हणून बटन सेलवरची माळ, मेणबत्ती, गाणारा सांता, काहीच आणू नकोस. दिव्यांची माळ खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलला लाव आणि तिचा प्लग वरच्या सॉकेटला. आतून काचेतून तेवढीच सुंदर दिसते.

आता झाड. चार फुटी प्लास्टिकचं असेल तर खिडकीजवळ ठेव, सोफ्यापासून लांब, नाहीतर सोफ्यावर चढून शेंडा ओढतील. खोडाला मध्यावर नायलॉनची दोरी बांधून ग्रिलला घट्ट आवळ. दोरीचं टोक लोंबकळू देऊ नकोस. आधी चार-पाच दिवस झाड नुसतं, बिनसजावटीचं राहू दे. दोघं हलवतील, पानं ओढतील, चावून बघतील. आमच्याकडे प्रत्येक पोराचं हे कुतूहल तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरलं. मग सजव. काचेचे गोळे यंदा माळ्यावरच. चमकीच्या झिरमिळ्याही नकोत, गिळल्या तर आतड्यात गुंततात. थर्माकोलचा बर्फ तर नकोच. तो घशात गेला तर एक्स-रेतही दिसत नाही. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून जी वस्तू आरपार जाते, ती या वयाच्या मुलाच्या हाती द्यायची नाही, एवढा अंदाज पुरे. नर्सरीतून लाल पानांचं पॉइन्सेटिया आणलंस तर उंचावर ठेव. लोक समजतात तेवढं ते विषारी नाही, पण चीक लागला तर तोंड चुरचुरतं.

गव्हाणीबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, माझं मत ठाम आहे: ती मुलांच्या हाताला लागेल अशीच ठेव. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने खरे बैल-गाढव उभे करून गव्हाण मांडली, ती लोकांना सगळं डोळ्यांसमोर दिसावं म्हणूनच. प्लास्टरच्या मूर्ती मी कपाटात ठेवल्या आणि जुन्या सुती साडीच्या बाहुल्या शिवल्या: मरिया, योसेफ, दोन मेंढ्या. बाळ येशू वीतभर, आत कापूस, वर दुहेरी शिवण. बटणाचे डोळे नाहीत, सगळं दोऱ्याने भरलेलं. जावेचा थोरला रोज सकाळी बाळ येशूला गव्हाणीतून उचलायचा, स्वतःच्या दुपट्यात गुंडाळायचा, स्वयंपाकघरात आणून माझ्या मांडीवर ठेवायचा आणि तोंडावर बोट ठेवून "शूऽऽ" म्हणायचा. संध्याकाळी परत नेऊन निजवायचा. झाडाकडे त्याने नंतर फारसं बघितलंही नाही.

झाडाच्या खालच्या दोन फांद्या अशाच मुलांच्या असू देत. सासूबाईंच्या हातात शिवणकाम आहे म्हणतेस, तर खणाच्या उरलेल्या तुकड्यांच्या तळहाताएवढ्या चांदण्या त्यांच्याकडूनच शिवून घे. अडकवायचा दोरा बोटभरच ठेवायला सांग, लांब नको. आणि डझनभर तरी करायला सांग. दोघं दिवसभर त्या काढणार, आणि तुम्ही दोघींनी त्या पुन्हा अडकवायच्या.